ग्रामसभेत पहिल्यांदा बोलायला उभं राहणार असाल तर

लग्न होऊन मी अमळनेर तालुक्यातल्या बोरीकाठच्या एका गावात आले. तिसऱ्या उन्हाळ्यात आमच्या खालच्या गल्लीला नळाचं पाणी येईनासं झालं. पाणी सुटायचं पाचव्या दिवशी, आणि आमच्यापर्यंत येता येता तोटीतून नुसती हवा फुसफुसायची. १ मेच्या ग्रामसभेत मी उठून ते सांगितलं. सरपंचांनी मान हलवली, ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणाले, "नोंद घेतो ताई." संध्याकाळी गल्लीतल्या चार जणी घरी येऊन पाठ थोपटून गेल्या.

दिवाळी आली तरी काही हललं नाही, तेव्हा मी प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेचं इतिवृत्त लिहायची वही, बघायला मागितलं. १ मेच्या पानावर शेवटची ओळ होती : 'ऐनवेळी आलेल्या विषयांवर चर्चा झाली.' गल्लीचं नाव नाही, पाणी हा शब्दही नाही. हजर असलेल्यांच्या सह्यांत माझी सही मात्र होती.

पुढे पाईपलाईन होईपर्यंत दोन वर्षं गेली. त्या दोन वर्षांत जे कळलं ते इथे क्रमाने मांडते. तुम्ही माझ्यासारख्या लग्न होऊन गावात आल्या असाल, पुण्या-सुरतेची नोकरी सोडून घरी परतला असाल, किंवा गावातच वाढून कधी सभेला गेला नसाल, तर यातलं बरंच कामी येईल. सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट आहे : सभेत कोण किती तावातावाने बोललं याला पुढे पंचायत समितीत कोणी विचारत नाही, वहीत काय लिहिलंय ते विचारतात.

सुरुवातीला एक फरक समजून घ्या. ग्रामपंचायतीची मासिक सभा वेगळी आणि ग्रामसभा वेगळी. मासिक सभा निवडून आलेल्या सदस्यांची असते. ग्रामसभा ही गावातल्या सगळ्या मतदारांची असते. ७३व्या घटनादुरुस्तीने तिला घटनेत जागा मिळाली (ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली), आणि आपल्याकडे तिचं कामकाज १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणे चालतं. "ते मागच्या मीटिंगमध्ये झालं" असं कोणी म्हणालं, तर आधी विचारा, कोणत्या मीटिंगमध्ये?

१. मतदार यादीत नाव आहे का ते बघा

ग्रामसभेचं सदस्य व्हायला फॉर्म भरावा लागत नाही, वर्गणी नसते. गावाच्या मतदार यादीत नाव असलं की तुम्ही सदस्य. पण नाव माहेरच्या यादीत किंवा सुरतेच्या पत्त्यावर राहिलं असेल, तर सभेत तुमचा हात मोजला जाणार नाही.

नवीन नाव नोंदवायला नमुना ६ आणि पत्ता बदलून नाव हलवायला नमुना ८. गावचे बीएलओ (मतदार यादीचं काम बघणारे) बहुतेक वेळा शाळेतले गुरुजी किंवा अंगणवाडीताई असतात, त्यांच्याकडे द्या, नाहीतर निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरून भरा. १८ वर्षं पूर्ण होण्याच्या आता वर्षात चार तारखा धरतात : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. घरात कॉलेजात जाणारी पोरं असतील तर त्यांचीही नावं याच फेरीत घाला.

एक अडथळा हमखास येतो. "तुमची घरपट्टी थकलीय, तुम्हाला सभेत बोलता येणार नाही," असं कोणीतरी म्हणतं. थकबाकीचा नियम पंचायतीची निवडणूक लढवणाऱ्यासाठी आहे. ग्रामसभेतला हक्क मतदार यादीवर ठरतो. घरपट्टी भरावीच, पावती जपून ठेवावी, पण तिच्या नावाखाली गप्प बसू नये.

२. तारखा आणि नोटीस

आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. बहुतेक गावांत त्या १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि २६ जानेवारी या दिवशी किंवा आसपास होतात. साध्या सभेची नोटीस ७ दिवस आधी आणि विशेष सभेची ४ दिवस आधी निघायला हवी. नोटीस ग्रामपंचायतीच्या फलकावर लागते, दवंडी देतात, आणि हल्ली गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही टाकतात. एका ग्रामपंचायतीत दोन-तीन गावं असतील तर सभा आळीपाळीने प्रत्येक गावात व्हायला हवी.

प्रत्येक सभेचं काम सारखं नसतं. वर्षाच्या पहिल्या सभेत मागच्या वर्षाचा जमाखर्च, लेखापरीक्षणातले शेरे आणि प्रशासन अहवाल लोकांपुढे ठेवावा लागतो. हिशोब विचारायचा असेल तर ही सभा चुकवू नका. पुढच्या वर्षाच्या विकास आराखड्याची तयारी साधारण २ ऑक्टोबरच्या सभेपासून सुरू होते. माझी पहिली चूक इथेच झाली होती. मी १ मेला पाईपलाईन मागितली, आणि त्या वर्षाचा आराखडा कधीच ठरून गेला होता. वहीत नीट नोंद झाली असती तरी त्या वर्षी पैसा मिळाला नसता. नवं काम हवं असेल तर विषय ऑक्टोबरच्या सभेत न्या.

नोटिशीचा फोटो काढून ठेवा, त्यात लावल्याची तारीख दिसू द्या. आमच्याकडे एकदा नोटीस सभेच्या आदल्या संध्याकाळी लागली होती. तारखेसह फोटो होता म्हणून पुढची सभा वेळेवर नोटीस देऊन झाली.

तुमचं गाव पेसा क्षेत्रात असेल तर

पेसा म्हणजे अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा. हा टप्पा सगळ्यांसाठी नाही, पण ज्यांच्यासाठी आहे त्यांच्यासाठी फार महत्त्वाचा आहे. नंदुरबार जिल्ह्यातले अक्कलकुवा, अक्राणी, नवापूर आणि तळोदा हे तालुके पूर्ण, शहादा आणि नंदुरबार यांचा काही भाग, धुळे जिल्ह्यात साक्री आणि शिरपूरचा काही भाग, जळगाव जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याचे चोपडा, यावल आणि रावेर यांचा काही भाग हे अनुसूचित क्षेत्र आहे. तिथे १९९६ चा पेसा कायदा आणि महाराष्ट्राचे २०१४ चे नियम लागू होतात.

तिथे पाड्याला स्वतःची वेगळी ग्रामसभा करता येते. पाच पाड्यांची मिळून एक ग्रामपंचायत असेल आणि सभा कायम मोठ्या गावातच होत असेल, तर डोंगरावरच्या पाड्यातली माणसं चार मैल उतरून येणार कधी? अशा पाड्यातल्या निम्म्याहून जास्त मतदारांनी ठराव करून उपविभागीय अधिकाऱ्यांकडे द्यायचा असतो. पेसा ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतून ५ टक्के अबंध (ठरावीक कामाला न बांधलेला) निधी थेट मिळतो, आणि तो कशावर खर्च करायचा ते ग्रामसभेने ठरवायचं असतं.

गावाने एकत्र बसून घेतलेला निर्णय किती टिकतो हे बघायचं असेल तर साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याला जाऊन या. उजाड झालेलं रान वाचवायचं असं तिथल्या लोकांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ठरवलं, झाडतोडीवर स्वतःच बंदी घातली, मोडणाऱ्याला दंड लावला. आज गावाभोवती सव्वाचारशे हेक्टरांहून जास्त जंगल उभं आहे. तिथल्या चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली.

३. विषय कागदावर आणा आणि पोच घ्या

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. ऐनवेळी उठून बोललेला विषय चर्चेत विरतो. आधी लेखी दिलेला विषय विषयपत्रिकेवर येतो, आणि विषयपत्रिकेवर आला की त्याखाली वहीत काहीतरी लिहावंच लागतं.

'पाणी येत नाही' एवढ्याने भागत नाही, कारण त्यावर "सगळ्यांनाच कमी येतं ताई" हे उत्तर तयार असतं. दुसऱ्या वेळी मी आणि शेजारची मोठी माय पाणी सुटायच्या दिवशी पहाटे पाचला निघालो. हातात १५ लिटरची बादली आणि मोबाइलचं घड्याळ. टाकीजवळच्या पहिल्या घरी बादली दीड मिनिटात भरली. मारुतीच्या पाराजवळ तीन मिनिटं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी सात. शेवटच्या घरी अकरा मिनिटं लागली, आणि तेवढ्यात पाणी गेलं. व्हॉल्व्हमन भाऊंना सोबत घेतलं होतं. त्यांनीच दाखवलं की पाराजवळच्या बोळात दोन इंची पाईपाला एक इंची पाईप जोडलाय, आणि त्याच्या वर सहा घरांनी टिल्लू मोटारी लावल्यात. सगळ्या घरांची नावं आणि वेळा वहीच्या एका पानावर लिहिल्या. घरं निघाली २३.

जलजीवन मिशनमध्ये माणशी दिवसाला ५५ लिटर पाणी धरलंय. पाच माणसांच्या घराला पाच दिवसांचे १,३७५ लिटर होतात. आम्हाला जेमतेम दोन हंडे मिळत होते. हा हिशोबही अर्जात घातला. अर्ज असा होता, तुमच्या कामाप्रमाणे बदलून घ्या (ग्रामसेवक या पदाला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) :

*प्रति,
मा. सरपंच व ग्रामसेवक,
ग्रामपंचायत (गावाचं नाव).*

*विषय : खालच्या गल्लीतील २३ घरांना नळाचे पाणी पोहोचत नसल्याने पाईपलाईन बदलण्याचा विषय येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर घेणेबाबत.*

*महोदय, मारुतीच्या पाराजवळ दोन इंची पाईपाला एक इंची पाईप जोडलेला असल्याने पुढील २३ घरांना पुरेसे पाणी मिळत नाही. घरनिहाय नोंदी सोबत जोडल्या आहेत. पार ते गल्लीचे शेवटचे घर या अंतरात दोन इंची पाईप टाकण्याचे काम पुढील वर्षाच्या विकास आराखड्यात घ्यावे, तसेच थेट नळाला जोडलेल्या मोटारी काढण्याबाबत निर्णय व्हावा, ही विनंती.*

खाली गल्लीतल्या प्रत्येक घरातून एक सही किंवा अंगठा. जिथे जमलं तिथे घरातल्या बाईची सही घेतली, कारण पाणी तीच भरते.

अर्जाच्या दोन प्रती करा. एक ग्रामपंचायतीत द्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, सही आणि शिक्का घ्या. हीच तुमची पोच. "ठेवून द्या, बघतो" म्हणाले तरी पोच घेतल्याशिवाय ओटा उतरू नका. शिक्का कपाटात आहे आणि किल्ली शिपायाकडे आहे असं सांगतील, तर शिपाई येईपर्यंत थांबा. तरीही पोच मिळत नसेल तर तोच अर्ज स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपून ठेवा. नोटीस निघण्याच्या चांगले दहा-पंधरा दिवस आधी हे उरकलेलं बरं. मग नोटिशीत आपला विषय कितव्या क्रमांकावर आहे ते बघून घ्या.

एका अर्जात एकच विषय. गटार, दिवाबत्ती, पांधण रस्ता, स्मशानभूमीचं शेड असं सगळं एकाच कागदावर लिहिलं की त्यातला सगळ्यात सोपा विषय निवडून अर्ज निकाली निघतो.

४. पैसा कुठून येणार ते पाहून जा

"निधी नाही" हे वाक्य तुम्हाला ऐकायला मिळणारच. कधी ते खरं असतं, कधी अर्धं खरं असतं. उत्तर देता यावं म्हणून थोडी तयारी हवी.

ग्रामपंचायतीकडे पैसा मुख्यतः दोन वाटांनी येतो : स्वतःचं उत्पन्न (घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं) आणि सरकारी निधी. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत २०२१-२२ पासून ६० टक्के भाग बंधित होता, म्हणजे तो पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करायचा. उरलेला ४० टक्के अबंधित, गावाच्या गरजेप्रमाणे. आपल्या राज्यात त्यातला ८० टक्के वाटा थेट ग्रामपंचायतीला आणि पंचायत समिती व जिल्हा परिषदेला १०-१० टक्के असा विभागला गेला. आमची पाईपलाईन बंधित निधीत बसत होती. हे कळल्यावर मी सभेत "निधी द्या" म्हटलं नाही, "बंधित निधीतून घ्या" म्हटलं. एका शब्दाने बोलणं बदललं.

गावाचा आराखडा आणि खर्च ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर कोणालाही बघता येतो, लॉगिन लागत नाही. राज्य, जिल्हा, तालुका आणि ग्रामपंचायत निवडली की कोणतं काम मंजूर आहे आणि किती रक्कम अदा झाली ते दिसतं. 'मेरी पंचायत' ॲपवरही बरीचशी तीच माहिती मिळते. घरातल्या शिकणाऱ्या पोराला अर्धा तास बसवा आणि मागच्या दोन वर्षांची यादी कागदावर उतरवून घ्या.

ग्रामपंचायतीचं दप्तर नमुन्यांत असतं, एकूण ३३ नमुने आहेत. आपल्याला सगळे लागत नाहीत. नमुना १ म्हणजे अंदाजपत्रक, नमुना ५ रोकडवही, नमुना ८ घरांची कर आकारणी. नमुन्याचा आकडा सांगून मागितलं की कागद लवकर निघतो, हा माझा अनुभव आहे.

५. महिला सभा सोडू नका

ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते, कायद्यातच तसं आहे. पुष्कळ गावांत ती कागदावरच होते. आशाताई किंवा अंगणवाडीताई रजिस्टर घेऊन दारोदार फिरतात, सह्या होतात आणि सभा 'झाली'.

आमच्याकडेही असंच चालायचं. त्या वर्षी आम्ही सात-आठ जणींनी रजिस्टरवर सही करायचं थांबवलं आणि म्हटलं, सभा भरवा, तिथेच सही करू. ऑक्टोबरात कापसाची वेचणी जोरात असते. सकाळी अकराला सभा ठेवली तर मजुरीचा खाडा करून कोण येणार? आम्ही संध्याकाळी सातची वेळ मागितली, अंगणवाडीत. ३७ जणी आल्या. मोठी मायने आयुष्यात पहिल्यांदा सभेत तोंड उघडलं. मराठी सावकाश बोलावं लागतं म्हणून ती अहिराणीतच बोलली, आणि तेच बरं झालं. शेवटी भाऊसाहेबांना म्हणाली, "भाऊ, लिखेल शे ते वाची दखाडा." त्यांना लिहिलेलं वाचून दाखवावं लागलं. वाचताना पाणी राहिलंय हे सगळ्यांच्या लक्षात आलं आणि तिथल्या तिथे ओळ वाढवली गेली.

महिला सभेतला ठराव ग्रामसभेपुढे आला की त्याला मागे अख्ख्या बायांचं वजन असतं. एकटीच्या अर्जापेक्षा हा रस्ता जास्त भक्कम आहे. भाषेची लाज बाळगू नका. अहिराणी, तावडी, भिलोरी, पावरी, जी येते तिच्यात बोला. लिहिणाऱ्याने मराठीत लिहून घ्यायचं.

६. सभेच्या दिवशी

वेळेवर पोहोचा, आणि आपल्या विषयाची माणसं बरोबर न्या. गणपूर्तीसाठी, म्हणजे सभा वैध धरली जायला, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जो आकडा कमी असेल तितके लोक लागतात. ४०० मतदारांच्या वस्तीत ६०, आणि १,८०० मतदारांच्या गावात १०० पुरतात.

इथला सगळ्यात मोठा खड्डा म्हणजे तहकूब सभा. लोक कमी म्हणून सभा तहकूब होते आणि पुढची तारीख मिळते. तहकूब झालेल्या सभेला पुन्हा गणपूर्ती लागत नाही. पंधरा-वीस माणसांत सगळे विषय मंजूर होऊन जातात, आणि गावाला वाटतं सभा झालीच नाही. तिथे मूळ विषयपत्रिकेवरचेच विषय घेता येतात, नवीन नाही. सभा तहकूब झाली तर पुढची तारीख आणि वेळ तिथेच जाहीर करायला लावा, आणि त्या दिवशी आणखी जास्त माणसं घेऊन जा.

सहीचं रजिस्टर समोर आलं की आधी पान बघा. वर तारीख, सभेचं नाव आणि जागा लिहिलेली आहे ना? कोऱ्या पानावर सही करू नका. सही करताना कंसात वेळ टाका. हे मी १ मेच्या त्या पानावरून शिकले.

बोलताना दोन-तीन मिनिटांत आटपा. जुनी भांडणं, कोणाच्या आजोबांनी कोणाचा बांध कोरला, हे तिथे निघालं की विषय संपलाच. माणसाचं नाव घेऊ नका, जागेचं घ्या. मी एवढंच म्हणाले : "पाराजवळ पाईप एक इंची आहे, पुढे २३ घरं आहेत, नोंदी जोडल्यात, बंधित निधीतून पार ते शेवटचं घर दोन इंची लाईन घ्यावी." टिल्लू मोटारीचा विषय निघताच वरच्या गल्लीतले दोघं उठले. आवाज चढला. मी म्हटलं, "नाना, मोटार सगळ्यांनीच काढायची, आमच्या गल्लीतलीसुद्धा." आमच्या गल्लीतही एक होती, आणि ती आम्ही आदल्या दिवशीच काढून ठेवली होती.

मग ठराव. ठरावाला सूचक लागतो आणि अनुमोदक लागतो, दोन्ही नावं आधी ठरवून जा. आमच्या ठरावाला सूचक मी होते. अनुमोदक म्हणून वरच्या गल्लीतल्याच एका आबांना मी दोन दिवस आधी घरी जाऊन विचारलं होतं. त्यांची लेक खालच्या गल्लीत दिलीय, त्यामुळे त्यांना पाण्याची वणवण माहीत होती. विरोध होईल असं वाटलं तर हात वर करून मोजणी मागा आणि दोन्ही आकडे वहीत लिहायला सांगा.

घरकुलाच्या याद्या, रोजगार हमीची कामं, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीची निवड हेही विषय याच सभांत येतात. पाणी समितीत निम्म्या जागा महिलांच्या असतात. कोणाची नावं लिहितायत ते ऐका, आणि जिचं नाव लिहिलंय तिला ते माहीत तरी आहे का ते तिथेच विचारा.

सरपंच बाई असतील तर खुर्चीवर त्याच बसल्या पाहिजेत आणि त्याच बोलल्या पाहिजेत. प्रश्न त्यांना विचारा, त्यांच्या घरच्यांना नको. पहिल्या-दुसऱ्या सभेत त्या अडखळतील, तेव्हा गावाने थांबायची तयारी ठेवावी.

७. इतिवृत्त : इथे ढिले पडू नका

सभा संपायच्या आधी म्हणा, "आमचा ठराव वाचून दाखवा." नंतर सवडीने लिहितो म्हणतील. निदान ठरावाचा क्रमांक, विषय, सूचक आणि अनुमोदक एवढं तरी तिथे लिहायला लावा. चार-सहा दिवसांनी ठरावाच्या नकलेसाठी लेखी अर्ज द्या, त्याचीही पोच घ्या.

नक्कल मिळत नसेल तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा. असं लिहा : 'दि. … रोजीच्या ग्रामसभेचे इतिवृत्त, उपस्थिती पत्रक आणि ठराव यांच्या साक्षांकित प्रती.' 'का', 'कशामुळे' असे प्रश्न विचारू नका, कागद मागा. पानाला २ रुपये पडतात. नुसतं दप्तर बघायचं असेल तर तपासणी मागता येते, पहिल्या तासाला फी नाही.

३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या ३० दिवसांत २० रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पसह पहिलं अपील करा. तिथेही भागलं नाही तर ९० दिवसांत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे. अर्ज टाकला त्या दिवशीच कॅलेंडरवर ३०व्या दिवसाला गोल करून ठेवा. मुदत टळल्यामुळे खरी कामं वाया गेलेली मी पाहिली आहेत.

माहिती अधिकाराचा अर्ज म्हणजे भांडण नव्हे, हे भाऊसाहेबांना आधी तोंडी सांगा. त्यांच्याकडे कधी दोन-दोन गावं असतात, त्यांचीही धावपळ असते. मी सांगितलं तेव्हा त्यांनी अर्जाची वाट न बघता नक्कल काढून दिली.

पिशवीत काय ठेवायचं

मतदार ओळखपत्र आणि यादीतला भाग व अनुक्रमांक लिहिलेली चिठ्ठी, घरपट्टी-पाणीपट्टीच्या पावत्या, सभेच्या नोटिशीचा फोटो, दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच, ई-ग्रामस्वराजवरून उतरवलेली कामांची यादी, १० रुपयांचे दोन-तीन कोर्ट फी स्टॅम्प, कारण तालुक्याला गेल्याशिवाय ते मिळत नाहीत, आणि एक दोनशेपानी वही. वहीत तारीख, कोणाला भेटलो, काय म्हणाले, एवढं रोजच्या रोज. कागद पावसाने भिजतात, म्हणून प्रत्येकाचा फोटो मोबाइलमध्ये आणि घरातल्या आणखी एकाच्या मोबाइलमध्येही.

८. ठरावानंतर पाठ सोडू नका

ठराव झाला म्हणजे काम झालं नाही. काम आराखड्यात चढायला हवं, जिल्हा परिषदेच्या अभियंत्याने अंदाजपत्रक करायला हवं, तांत्रिक मान्यता मिळायला हवी, मग काम. दर महिन्याला एकदा ग्रामपंचायतीत जाऊन विचारा, कोणत्या टेबलावर अडलंय. दोन महिने एकच उत्तर मिळालं तर ठरावाची नक्कल जोडून पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांना अर्ज द्या, आणि तिथूनही हललं नाही तर जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना. प्रत्येक अर्जात आधीच्या अर्जाचा आवक क्रमांक लिहा. अमळनेरला आठवडे बाजाराला जाताना मी हे अर्ज देऊन यायचे, वेगळं भाडं पडत नव्हतं.

काम सुरू झालं की तिथे उभं राहा. अंदाजपत्रकाची प्रत हातात असू द्या आणि पाईपावर छापलेला व्यास वाचा. चर किती खोल आहे ते टेपने मोजा. आमच्याकडे पहिल्या दिवशी चर ठरल्यापेक्षा उथळ खणला होता. अंदाजपत्रक दाखवल्यावर ठेकेदाराच्या माणसांनी मुकाट्याने पुन्हा खणला. काम पूर्ण झाल्यावर पुढच्या ग्रामसभेत त्याचा खर्च वाचून दाखवायला सांगा आणि वहीतला आकडा ई-ग्रामस्वराजवरच्या आकड्याशी लावून बघा.

लाईन सुरू झाली त्या पहाटे मोठी माय तीच बादली घेऊन शेवटच्या घराच्या नळाखाली बसली होती, मी मोबाइलचं घड्याळ धरलं होतं. दोनशेपानी वहीतली त्या दिवसाची नोंद अशी आहे : शेवटचं घर, १५ लिटर, २ मिनिटं १० सेकंद.